एक युनिट वीज, आणि ती कुठे खर्चायची

चाळीस टनांचा ट्रक शंभर मीटर उंचीचा उतार उतरतो तेव्हा त्याच्यातून सुमारे 39 मेगाज्यूल ऊर्जा सुटते. विजेच्या बिलात मांडली तर जवळपास 11 युनिट. ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये, इंजिनात, टायरमध्ये आणि हवेत उष्णता होऊन संपते. कोहमाऱ्यात हे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. नागपूर-रायपूर महामार्ग आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे माझ्या बाबूजींचं ब्रेक लायनरचं दुकान होतं. देवरीकडून घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकाशी हात नेला की धग लागायची, आणि जळक्या लायनरचा वास दुकानात दिवसभर असायचा. ती धग म्हणजे मुंबई-कोलकात्यापर्यंत वाहून नेलेलं आणि वाटेत उधळलेलं डिझेल आहे, हे मला बारावीच्या भौतिकशास्त्रात कळलं. पुढे तेच माझं काम झालं. मी पुण्यात हायब्रिड गाड्यांचं नियंत्रण सॉफ्टवेअर लिहिते: ब्रेकची ऊर्जा किती परत घ्यायची, बॅटरीत किती ठेवायची आणि मोटरला कधी द्यायची, एवढंच ते काम.

हे काम जगात सर्वांत काटेकोरपणे कुठे होतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. शर्यतीच्या गाडीत. फॉर्म्युला वनच्या गाडीला बॅटरीतून एका दमात वापरता येईल अशी ऊर्जा आहे 4 मेगाज्यूल, म्हणजे 1.1 युनिट. आपल्या घरातला साधा पंखा दिवसरात्र फिरला तरी याहून जास्त वीज खातो. त्या 1.1 युनिटसाठी शेकडो अभियंते वर्षभर डोकं लावतात. बाबूजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला होता, "बॅटरी एवढीशी, मंग जोर कोठून येते?"

जोर येतो तो ऊर्जा फार थोड्या वेळात ओतल्यामुळे. 2026 पासूनच्या नियमांत विजेची मोटर 350 किलोवॅटपर्यंत, म्हणजे 470 अश्वशक्तीच्या आसपास, जोर देऊ शकते. पूर्ण जोर लावला तर 4 मेगाज्यूल साडेअकरा सेकंदांत संपतात. फेरी असते साधारण दीड मिनिटाची. उरलेल्या वेळात काय करायचं, आणि ते साडेअकरा सेकंद फेरीतल्या कोणत्या जागी वाटून टाकायचे, हा सगळा प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे.

सुरुवात साधी होती. 2009 साली फॉर्म्युला वनमध्ये ब्रेकची ऊर्जा साठवून परत वापरायची यंत्रणा आली, तिला 'कर्स' म्हणत. त्याच वर्षी हंगेरीत लुईस हॅमिल्टनने ही यंत्रणा असलेल्या गाडीतून पहिल्यांदा शर्यत जिंकली. 2010 मध्ये संघांनी आपसांत ठरवून ती वापरली नाही, 2011 ला ती परत आली. याच काळात, 30 ऑक्टोबर 2011 ला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. तेव्हाचा हिशेब सोपा: 60 किलोवॅट, एका फेरीला 400 किलोज्यूल, म्हणजे सहा-सात सेकंदांचा जोर. स्टिअरिंगवर एक बटण, आणि कुठे दाबायचं ते चालकाने पाहायचं. बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून थोडी लांब सरळ पट्टी आहे, तिच्या सुरुवातीला बटण दाबलं जायचं हे टीव्हीवर दिसायचं. 2014 मध्ये मोटर दुप्पट जोराची, 120 किलोवॅटची झाली, फेरीला वापरता येणारी ऊर्जा दहापट झाली आणि टर्बोच्या दांड्यावर दुसरी एक मोटर बसली, जी धुराच्या झोतातून वीज काढायची. इतकं सगळं अंगठ्याने सांभाळणं माणसाच्या आवाक्यात राहिलं नाही. हिशेब संगणकाकडे गेला.

आता मुख्य मुद्दा. एकच ज्यूल फेरीत वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या किमतीचा असतो.

350 किलोवॅटची शक्ती ताशी 140 किलोमीटर वेगाला गाडीला 9,000 न्यूटनचा रेटा देते. वेग 280 झाला की तीच शक्ती फक्त 4,500 न्यूटन देते, कारण शक्ती म्हणजे रेटा गुणिले वेग. वेगाबरोबर हवेचा विरोधही वाढतो, आणि तो वर्गाने वाढतो. तो विरोध सोसायला लागणारी शक्ती तर घनाने वाढते. 200 वरून 300 ला गेलात तर सव्वातीन पटीहून अधिक. शिवाय सरळ पट्टीच्या सुरुवातीला मिळवलेला वेग पूर्ण पट्टीभर कामी येतो. एक किलोमीटर अंतर सरासरी 250 ऐवजी 260 ने कापलं तर अर्ध्या सेकंदाहून जास्त वाचतो. शेवटच्या 200 मीटरला 290 ऐवजी 300 ने गेलात तर सेकंदाचा बारावा हिस्साही वाचत नाही. प्रत्यक्षात हवा मधेच थोडा वेग खाते, म्हणून फायदा यापेक्षा कमी, पण दिशा तीच. म्हणून नियम असा निघतो: वळणातून बाहेर पडताना ओता, पट्टीच्या शेवटी हात आखडा.

यालाही एक अडथळा आहे. हळू वळणातून बाहेर पडताना मागचे टायर आधीच त्यांच्या पकडीच्या टोकावर असतात. तिथे मोटरचा जोर मिसळला तर चाक नुसतं जागेवर फिरेल, टायर जळेल आणि ज्यूल वाया जाईल. त्यामुळे पकड जिथे मोकळी होते, तिथून मोटर सुरू करायची. तो क्षण टायरच्या वयावर, डांबराच्या तापमानावर आणि पोटातल्या इंधनाच्या वजनावर बदलतो.

आमच्या भागातल्या वाचकाला हे मामा तलावावरून पटकन कळेल. माजी मालगुजारी तलावात पाणी मोजकंच. धानाला ते कधी हवं हे ठरलेलं. रोवणीला आणि निसव्याच्या वेळी एक दिवसाचं पाणी जे करतं ते धान पिवळं पडल्यावर आठ दिवसांचं पाणी करत नाही. तलाव भरलेला ठेवून पीक वाळवणं हा जसा तोटा, तसाच आधी सगळं सोडून देऊन निसव्याला कोरडं पडणं हाही. शर्यतीची बॅटरीही फेरी संपताना भरलेली उरली तर तेवढा वेळ फुकट गेला, आणि मधेच रिकामी झाली तर मागचा माणूस पुढे गेला.

संगणक हे कसं ठरवतो? शर्यतीच्या आधीच. सर्किटचे मीटरा-मीटराचे तुकडे करून गाडीचं गणिती प्रतिरूप त्यावर हजारो वेळा पळवलं जातं. इंजिनाचा जोर, हवेचा विरोध, टायरची पकड, बॅटरीची मर्यादा हे सगळं त्यात असतं. मग गणिताला एकच प्रश्न विचारायचा: फेरीच्या शेवटी बॅटरी ठरलेल्या पातळीवर यावी, ही अट पाळून कमीत कमी वेळ कसा लागेल? इष्टतम नियंत्रणाचं हे शास्त्र 1950 च्या दशकात रशियात पोंत्रियागिन आणि अमेरिकेत बेलमन यांनी उभं केलं. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी फॉर्म्युला वनच्या गाडीवर ते लावून शोधनिबंध लिहिले आहेत. त्यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट अशी, की सगळ्या गणितातून शेवटी एकच आकडा हाती येतो: त्या फेरीत एका ज्यूलचा भाव. जिथे एक ज्यूल खर्चून वाचणारा वेळ या भावापेक्षा जास्त, तिथे मोटर चालू. जिथे कमी, तिथे बंद. आणि जिथे अगदीच कमी, तिथे इंजिनाचाच जोर उलट वळवून बॅटरी भरायची. शर्यत उलटसुलट झाली, पाऊस आला, सुरक्षा गाडी मैदानात आली, की हा भाव बदलतो आणि खर्चाची सगळी मांडणी त्याच्यासोबत सरकते. घरगुती हायब्रिड गाडीतही आम्ही हाच विचार वापरतो. फरक इतकाच की तिथे वेळेऐवजी पेट्रोल वाचवायचं असतं, आणि पुढचा रस्ता आम्हाला आधी माहीत नसतो.

गणिताचं उत्तर तक्त्यांच्या रूपात गाडीत भरतात. आमच्या धंद्यात त्यांना 'मॅप' म्हणतात. सुरुवातीच्या रेषेपासून अमुक मीटरवर अमुक किलोवॅट. पण गाडीला आपण नेमक्या कोणत्या मीटरवर आहोत हे कळायला हवं. चाकांच्या फेऱ्या मोजून अंतर काढतात, आणि ब्रेक लागून चाक घसरलं किंवा चालक वळणावर बाहेरून गेला की मोजणी चुकते. म्हणून दर फेरीला ठरलेल्या खुणेवर ती पुन्हा शून्यावर आणतात. हे काम दिसायला क्षुल्लक वाटतं, पण चाचणीच्या बाकावर बसून अशी घसरणारी मोजणी दुरुस्त करण्यात माझे किती दिवस गेले असतील!

मॅप नुसता सल्ला असतो. प्रत्यक्ष आज्ञा देणारा प्रोग्रॅम सेकंदाला शेकडो वेळा चालतो आणि दर वेळी सगळ्यांना विचारतो: चालकाच्या पायाने किती जोर मागितला? त्यातला इंजिन किती देईल? बॅटरी किती भरलेली, किती तापलेली? मोटर किती गरम? नियमाची मर्यादा किती? जी मर्यादा सर्वांत कमी असेल तिच्यापुढे कुणी जायचं नाही. चालकाला मात्र पायाखाली एकच इंजिन असल्यासारखं वाटलं पाहिजे. वळणात मोटर अचानक 100 किलोवॅटने तुटली तर गाडी गिरकी घेईल.

ब्रेकचं तर याहून नाजूक. मोटर वीज बनवते तेव्हा ती मागच्या चाकांना स्वतःच अडवते, म्हणून 2014 पासून मागचे ब्रेक संगणकाच्या हाती आहेत. चालक पाय दाबतो, संगणक ठरवतो की मागच्या चाकाला हवा असलेला अवरोध किती मोटरने द्यायचा आणि किती तेलाच्या दाबाने. बॅटरी भरली आणि मोटरने वीज घेणं थांबवलं, तर त्याच क्षणी तेवढा दाब ब्रेकला मिळाला पाहिजे, नाहीतर ताशी 300 च्या वेगाने वळणाकडे जाणाऱ्या गाडीचा तोल जातो. बाबूजी ड्रम उघडून डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक समसमान बसलाय का ते हाताने पाहायचे. तीच चिंता इथे सॉफ्टवेअर वाहतं.

आकडे पाहिले तर ब्रेकमधून सगळं परत मिळत नाही हेही दिसतं. 800 किलोची गाडी 300 वरून 100 वर येते तेव्हा जवळपास अडीच मेगाज्यूल सुटतात. पण ती इतकी जोरात थांबते की हे सगळं दोनेक सेकंदांत घडतं. 350 किलोवॅटच्या मोटरला तेवढ्या वेळात 0.7 मेगाज्यूलच पकडता येतात. बाकी पुढच्या ब्रेकच्या लालबुंद डिस्कमध्ये आणि हवेत. नियम मात्र फेरीला साधारण साडेआठ मेगाज्यूलपर्यंत ऊर्जा परत घेऊ देतात, सर्किट पाहून ही मर्यादा कमीही होते. मग उरलेली आणायची कुठून? चालक वळणाच्या थोडं आधीच पाय उचलून गाडी घरंगळू देतो. किंवा, आणि हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं, पट्टीच्या शेवटी चालकाचा पाय पूर्ण खाली असतानाच संगणक मोटरला उलट चालवून इंजिनाच्या जोरातून वीज काढतो. गाडीचा वेग तिथे किंचित खाली येतो. तो तोटा परवडतो, कारण तीच वीज पुढच्या वळणानंतर जास्त भावाने वापरली जाणार असते.

पट्टीच्या शेवटी मोटरचा जोर आखडण्यासाठी 2026 च्या नियमावलीत सूत्रच लिहिलेलं आहे. ताशी 290 किलोमीटरपर्यंत मोटरला पूर्ण 350 किलोवॅट. 300 ला 300 किलोवॅट, 320 ला 200, 340 ला 100 आणि 345 ला शून्य. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत आलेल्या चालकाला मात्र 337 पर्यंत पूर्ण जोर वापरता येतो, म्हणजे ओलांडून जायची संधी. टर्बोवरची दुसरी मोटर या नियमांत काढून टाकली. माझ्या मते हे एका अर्थी बरं झालं. ती मोटर फार महाग होती आणि रस्त्यावरच्या गाडीत ती फारशी येणार नव्हती. ब्रेकमधून ऊर्जा घेणारी मोटर मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक हायब्रिड गाडीत आहे.

एक नियम मला फार योग्य वाटतो. गाडीकडून पिटकडे, म्हणजे संघाच्या तळाकडे, माहिती अखंड येते, पण 2003 पासून पिटमधून गाडीतली कोणतीही मांडणी बदलायला बंदी आहे. अभियंत्याला काय हवं ते रेडिओवर सांगावं लागतं, आणि चालकाने स्टिअरिंगवरची चकती फिरवून तो मॅप निवडायचा. त्यामुळे सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी शेवटचा हात माणसाचा. याची किंमत जून 2016 मध्ये बाकू इथे दिसली. हॅमिल्टनची गाडी चुकीच्या मोडमध्ये अडकली होती आणि सरळ पट्टीवर तिचा जोर कमी पडत होता. त्या काळात रेडिओवरूनही चालकाला मदत करायला बंदी होती, म्हणून संघाला बिघाड दिसत असूनही उपाय सांगता येईना. ताशी 300 च्या पुढे गाडी हाकत तो स्टिअरिंगवरच्या चकत्या एकेक करून तपासत होता. त्याच संघाच्या निको रोसबर्गच्या गाडीतही तसाच घोळ झाला, त्याला उपाय लवकर सापडला आणि तो जिंकला. हॅमिल्टन पाचवा आला. पुढच्याच महिन्यात रेडिओवरचे ते निर्बंध बरेचसे उठवले गेले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही शर्यत अभ्यासावी असं मी आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलामुलींना सांगते: ज्याच्या हातात गाडी आहे त्याला ती कोणत्या अवस्थेत आहे हे एका नजरेत कळलं पाहिजे.

आपल्याकडचा माणूस या जागी बसलाय का? बसलाय. मुंबईच्या जेहान दारूवालाने जून 2022 मध्ये सिल्व्हरस्टोनला मॅकलारेनची 2021 ची फॉर्म्युला वन गाडी चाचणीसाठी चालवली. तो तेव्हा फॉर्म्युला टूमध्ये होता आणि त्या गाड्यांत हायब्रिड यंत्रणा नसते, त्यामुळे हे सगळं त्याच्यासाठी पायाखाली नवं होतं. पुढे तो महिंद्रा रेसिंगचा राखीव चालक झाला आणि 2023-24 च्या हंगामात मासेराटीकडून फॉर्म्युला ई मध्ये उतरला. महिंद्रा रेसिंग हा मुंबईच्या उद्योगसमूहाचा संघ फॉर्म्युला ई मध्ये अगदी पहिल्या हंगामापासून आहे. त्यांचा पहिला विजय 2017 मध्ये बर्लिनला, फेलिक्स रोझेनक्विस्टच्या हातून.

फॉर्म्युला ई च्या गाड्या पूर्ण विजेच्या, पण प्रश्न तोच, उलट जास्तच तीव्र. कारण तिथे पेट्रोल पाठीशी नाही. 11 फेब्रुवारी 2023 ला हैदराबादच्या हुसेनसागराकाठी ही शर्यत झाली तेव्हा मी मुद्दाम गेले होते. त्या पिढीच्या गाड्यांच्या मूळ रचनेत मागच्या चाकांना तेलाचे ब्रेकच नव्हते. पुढच्या-मागच्या मोटरी मिळून 600 किलोवॅटपर्यंत ऊर्जा परत घ्यायच्या. शर्यतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेतला सुमारे 40 टक्के वाटा ब्रेकमधून परत येतो, असं आयोजक सांगत. ज्याँ-एरिक व्हर्न ऊर्जा जपत जपत निक कॅसिडीला शेवटपर्यंत मागे ठेवून जिंकला. गर्दीतल्या पुष्कळांना प्रश्न पडत होता की गाड्या मधेमधे हळू का होतात. पट्टीच्या शेवटी पाय उचलून केलेली ती काटकसर हीच खरी शर्यत होती.

हे सगळं श्रीमंतांचा खेळ म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. विल्यम्स संघाच्या शाखेने शर्यतीसाठी घडवलेलं ऊर्जा साठवणारं चाक पुढे लंडनच्या बसमध्ये बसलं. दर थांब्यावर ब्रेक मारणाऱ्या बसला त्याचा उपयोग उघडच आहे. टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाशी छत्रपती संभाजीनगरला विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांचा कारखाना उभारण्याचा सामंजस्य करार केला, सुमारे 20,000 कोटी रुपयांचा. या गाड्यांना सॉफ्टवेअर लागणार, ते तपासणारी माणसं लागणार, आणि बिघडल्यावर उघडून दुरुस्त करणारेही. आमच्या चौकातल्या गॅरेजांत आज चाळीस टनी ट्रकचे ड्रम उघडणारे कुशल हात आहेत. उच्च दाबाची वीज कशी हाताळायची हे मात्र त्यांना कुणीतरी शिकवायला हवं, कारण इथे चुकीला माफी नाही. 2008 मध्ये चाचणीच्या वेळी बीएमडब्ल्यू संघाच्या एका मेकॅनिकला अशाच गाडीला हात लावताच झटका बसून तो फेकला गेला होता. तेव्हापासून गाडीवर दिवा असतो. तो हिरवा दिसल्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही.

आयआयटी मुंबईचे विद्यार्थी विजेवर चालणारी शर्यतीची गाडी स्वतः बनवून सिल्व्हरस्टोनच्या विद्यार्थी स्पर्धेत नेत आले आहेत. मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन संघही गाड्या बनवतो. देशात कोइंबतूरला फॉर्म्युला भारत ही विद्यार्थी स्पर्धा भरते. या स्पर्धांत 80 किलोवॅटची कमाल मर्यादा असते, सुमारे 22 किलोमीटरची सहनशक्तीची शर्यत असते आणि किती ऊर्जा खर्चली याचेही गुण मिळतात. म्हणजे वर सांगितलेलं सगळं गणित, विद्यार्थ्यांच्या खर्चात. गोंदिया-भंडाऱ्यातल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांतून असे संघ उभे राहावेत, आणि त्यांच्या सरांनी त्यासाठी जिद्दीने मागे लागावं, ही माझी विनंती आहे.

आणि गाडी नसली तरी सुरुवात करता येते. एक किलोमीटरची सरळ पट्टी घ्या, 800 किलोची गाडी, 400 किलोवॅटचं इंजिन, 350 किलोवॅटची मोटर आणि दीड मेगाज्यूल ऊर्जा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढवा. 120 च्या वेगाने सुरुवात करा आणि दहा-दहा मीटरचे तुकडे पाडून संगणकावरच्या साध्या तक्त्यात मांडा. आधी ऊर्जा पहिल्या भागात खर्चून पाहा, मग शेवटच्या भागात, आणि दोन्ही वेळा किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. यासाठी बारावीचं भौतिकशास्त्र आणि एक जुना लॅपटॉप पुरतो.